आईंनी सोडवलेली गाठ

मी एक जुनी माईकची वायर आहे. मित्रांनो, माणसाच्या वाणीला मी वाट करून दिली आहे. थोरामोठ्यांचे विचार, गायकांचे सूर, नवरा-नवरीला दिलेले आशीर्वाद, सगळं माझ्या पोटातून गेलं आहे. खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त वेळा गेलेलं वाक्य म्हणजे "हॅलो, हॅलो, चेक, येतोय का आवाज?" त्याच्या खालोखाल "मागे ऐकू येतंय ना?" या दोन्ही प्रश्नांना सहसा कोणी उत्तर देत नाही.

माझा जन्म पत्र्याच्या एका लांबलचक शेडमध्ये झाला. केसासारख्या बारीक तांब्याच्या तारा पिळून आधी दोन दोर केले. दोघांवर रंगीत कातडी चढवली, सोबतीला सुताचे दोरे घालून दोघांना एकमेकांभोवती पिळलं, वरून तांब्याची घट्ट जाळी विणली आणि तिच्यावर काळं मऊ रबर. आतल्या दोन तारा आवाज वाहतात आणि जाळी बाहेरची भुणभुण आत येऊ देत नाही. म्हणजे घरात दोन कामसू भाऊ आणि दारात एक खमकी आत्या, अशी ही रचना आहे. आत्या ढिली पडली की घरात कोणीही शिरतं. शेवटी माझ्या एका टोकाला तीन दात बसवले आणि दुसऱ्या टोकाला तीन भोकं. दाताचं टोक आवाजाच्या मिक्सरला, भोकांचं माईकला. तिथल्या तपासणाऱ्या बाईंनी मला यंत्राला लावलं, दिवा हिरवा झाला, आणि त्या म्हणाल्या, "चालतेय." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. तेच शेवटचं ठरेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

मला निवडलं वहिनींनी. वहिनी म्हणजे दादांची बायको. दादांचा साउंड भाड्याने देण्याचा व्यवसाय आहे. सभा, लग्नं, शाळांची संमेलनं, जिथे माणसांना एकमेकांचं ऐकायचं नसतं तिथे दादा स्पीकर लावतात. घराच्या मागच्या खोलीत, भिंतींना जुन्या गाद्या ठोकून केलेला, एक स्टुडिओही आहे. अख्खं जग दादांना दादा म्हणतं, वहिनींचा भाऊसुद्धा. या भावाला मी मेहुणे म्हणेन, कारण त्या घरात त्यांच्याकडे तेवढंच पद आहे.

दुकानदाराने काउंटरवर वायरींची वेटोळी मांडली. मेहुण्यांनी ताबडतोब सगळ्यात महागडं उचललं. त्याच्यावर जांभळं विणकाम होतं आणि टोकांना सोन्याचा मुलामा.

"ताई, बाकी बघायचंच नाही. आवाज सोन्यातून गेला की सोन्यासारखा निघतो."

"मग गाणारा पितळेचा असला तरी चालेल?" वहिनी म्हणाल्या.

"तसं नाही गं. क्लॅरिटी असते एक."

"तुला ती ऐकू येते?"

"मला येते."

"मी घरात हाका मारते तेव्हा कुठे जाते?"

मेहुण्यांनी वेटोळं खाली ठेवलं नाही. वहिनींनी मग मला उचललं. भाजीवाल्याकडे करतात तसं वाकवून पाहिलं, पिळून पाहिलं आणि सोडून फरशीवर टाकलं. मी गुमान आडवी पडले. त्यांनी जांभळीलाही टाकलं. ती स्प्रिंगसारखी उठून बसली.

"ही स्टेजवर अशीच उठून बसली तर नाचणारी पोर तोंडावर पडेल," वहिनी दादांना म्हणाल्या. मग दुकानदाराला विचारलं, "ही मागची टोपी उघडते का?"

"उघडून काय करणार ताई?"

"तुटली की जोडणार."

"आमची तुटत नाही."

"मग उघडून दाखवायला काय हरकत आहे?"

दुकानदाराने नाइलाजाने माझी टोपी फिरवून काढली. आत वायरीला घट्ट धरणारा चिमटा होता, म्हणजे कोणी ओढलं तर ताण तारा जोडणाऱ्या कथलाच्या टाक्यांवर न येता चिमट्यावर येतो. टाके गोल आणि चकचकीत होते. जांभळीची टोपी मात्र उघडेना. ती चिकटवलेली होती. दुकानदार म्हणाला, ते सुरक्षेसाठी असतं.

"स्टेजला ही काळी, लांबीची घ्या," वहिनी म्हणाल्या. "तुडवली तरी चालेल. स्टुडिओत वायर कुठे फिरायला जाते? तिथे हीच आखूड घ्या. लांब घेतली की उरलेली पायात येते."

दादा भांडण टाळणारे गृहस्थ. त्यांनी आमच्यासारख्या काळ्या वायरींचा गठ्ठा घेतला, आणि मेहुण्यांचा चेहरा बघून एक जांभळीही घेतली. "असू दे," ते म्हणाले, "खास प्रसंगाला."

मित्रांनो, या 'खास प्रसंगाला' मुळे पुढे काय झालं, तेच मला सांगायचं आहे.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. कार्यक्रमात एखादी वायर दगा देते, तेव्हा तिला दुरुस्त करायला वेळ नसतो. अशा वेळी ती काढायची, दुसरी लावायची, आणि बिघडलेलीच्या टोकाशी एक गाठ मारून तिला पेटीत टाकायची. गाठ म्हणजे 'हिला हात लावू नका, ही आजारी आहे'. कागद लागत नाही, पेन लागत नाही. साउंडवाल्यांच्या कुठल्याही पेटीत गाठीची वायर दिसली की समजायचं. मग सवड मिळाली की दादा टाके घालायची डागणी तापवायचे आणि गाठी हुडकत बसायचे.

ही रीत घरात सगळ्यांना ठाऊक होती. एकट्या आईंना नव्हती.

आई म्हणजे दादांच्या आई. उभं आयुष्य त्यांनी शिवणकाम केलं. निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहिले आणि रिकामा हात हे त्यांच्या लेखी दुखणंच होतं. घरात त्यांना वाकडं, सुटलेलं, गुंतलेलं काही बघवत नसे. दर रविवारी त्या आमची पेटी पुढे ओढून बसायच्या, प्रत्येक वायर काढायच्या, ओल्या फडक्याने पुसायच्या, पीळ काढून गोल वेटोळं करायच्या आणि कुठे गाठ दिसली की नखांनी हळूहळू सोडवायच्या. एवढ्या मायेने मला कोणी हाताळलं नाही. मी गाठ सुटल्यावर पुन्हा चांगल्या वायरींत जाऊन पडायची. सगळ्याच पडायच्या.

वहिनींनी एकदा तोंड उघडलं होतं. "आई, त्या गाठी ना, त्या..."

"अगं राहू दे, मला काही त्रास नाही. तुम्ही लोक घाईत असता. कशीही फेकता बिचाऱ्यांना."

वहिनींनी दादांकडे पाहिलं. दादांनी छताकडे पाहिलं. नंतर स्वयंपाकघरात वहिनी म्हणाल्या, "तुमची आई आहे, तुम्ही सांगा." दादा म्हणाले, "तिला केवढं बरं वाटतं. मी सांगितलं तर ती पेटीला हात लावणार नाही, आणि मग दिवसभर माझ्या कपाटाला लावेल." मेहुणे म्हणाले, "आईंमुळे पेटीला शिस्त आहे हं." झालं. आईंना कोण सांगणार, यावर विषय संपला.

मला स्वतःला त्या चुकीचा फायदाच झाला, हे नाकारत नाही. एका कंपनीच्या वार्षिक सभेत अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि माझ्यातून काहीच गेलं नाही, कारण त्यांनी माईकचं बटण बंद ठेवलं होतं. ते बराच वेळ बोलले. सभागृहात कमालीचं समाधान पसरलं होतं. पण मेहुणे धावत आले, त्यांनी मला उपटलं, "वायर गेली" असा निकाल दिला आणि भर सभेत मला गाठ मारली. मी ठणठणीत होते. रविवारी आईंनी गाठ सोडवली आणि मी निर्दोष सुटले. मला न्याय मिळाला तो चुकून. बहुतेकांना तसाच मिळतो.

त्याच सुमारास जांभळी एका लग्नात गेली. तिथे गायिका माईक हातात घेऊन फिरू लागली आणि जांभळीच्या टोपीपाशी आतला टाका सुटला. स्थिर ठेवली तर चाले, हलली की घरघर. ती टोपी चिकटवलेली, म्हणून दादांना उघडताही येईना. त्यांनी स्वतःच्या हाताने तिला गाठ मारली. चांगली घट्ट, डबल. आईंना ती सोडवायला सुईचं टोक घ्यावं लागलं. "किती सुंदर वायर आहे ही," त्या म्हणाल्या, "आणि काय दशा केली होती." त्यांनी ती पुसून स्टुडिओतल्या खुंटीवर टांगली. खास प्रसंगाला.

मग आईंचा आवाज बसला. आधी सर्दी म्हणून काढे झाले, मग गुळण्या. शेवटी डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि दादांना बाहेर बोलावलं. स्वरयंत्रात गाठ होती. काढली तर जीव वाचेल, पण स्वरयंत्रासकट काढावी लागेल. नंतर यंत्राने थोडंफार बोलता येईल, पण ते बोलणं आईंचं नसेल. आईंना हे कळलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "आणि बगळ्याचं काय?"

बगळा म्हणजे गोष्टीतला. दादांची धाकटी लेक आजीच्या गोष्टीशिवाय झोपत नसे आणि गोष्ट रोज तीच. एका बगळ्याला बूट हवे असतात. तो बूट शिवणाऱ्याकडे जातो आणि म्हणतो, पाय दोन असले तरी माझा एका वेळी एकच खाली असतो, तेव्हा एकाच बुटाचे पैसे लावा. बूटवाला कबूल होतो. मग बगळ्याला पाय बदलायची वेळ येते. त्या ठिकाणी आजी थांबायची. किती वेळ, ते कोणाला माहीत नाही. तेवढ्यात पोर हसायची, आणि हसता हसता झोपायची.

मित्रांनो, ज्या घरात परक्या लोकांचे आवाज साठवायची एवढी यंत्रं होती, तिथे आईंचा आवाज कुठेही साठवलेला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मोबाईलमध्ये काही व्हिडिओ होते. त्यांत आई कॅमेऱ्याच्या मागून "बाजूला हो गं, उजेड अडतोय" एवढंच म्हणतात. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी बगळ्याची गोष्ट रेकॉर्ड करायची ठरली.

स्टुडिओ झाडला. वहिनींनी घरघर नको म्हणून फ्रीज बंद केला. मी टेबलावरच होते, कालच्याच कामाला स्वच्छ चाललेली. दादांनी मला उचललं.

"ही कसली लावताय?" मेहुणे म्हणाले. "आजच्या दिवशी तरी चांगली लावा."

"चांगलीच आहे ती."

"दादा, आईंचा आवाज आहे. यापेक्षा खास प्रसंग कधी येणार?"

दादांच्या मनात काय आलं कोणास ठाऊक. काळी वायर लावली तर आईवरचं प्रेम कमी पडेल असं बहुधा वाटलं असावं. त्यांनी मला खाली ठेवलं आणि खुंटीवरची जांभळी घेतली. हॉस्पिटलच्या धावपळीत लग्नातली ती डबल गाठ त्यांना आठवली नाही, आणि आता तिला गाठ नव्हती. गाठ नाही म्हणजे आजार नाही. या धंद्यात याहून पक्का पुरावा नसतो.

आई खुर्चीत बसल्या. दादांनी "काहीतरी बोल" म्हटलं. आई म्हणाल्या, "काय बोलू? तू जेवला नाहीस अजून." आवाज स्वच्छ आला, बसलेला पण स्वच्छ. दादा खूश झाले. "आता गोष्ट सांग."

"या डबड्याला सांगू?"

"माईकला सांग."

"मला नाही जमायचं. तू बस इथे समोर."

तेव्हा दादांनी कानावरचा हेडफोन काढून ठेवला आणि आईंसमोर जमिनीवर मांडी घालून बसले. आईंनी सुरुवात करण्याआधी खाली पाहिलं. वायर तिरकी पडली होती. त्यांनी वाकून ती सरळ केली, स्टँडच्या पायाशी छान गोल वळवून ठेवली आणि म्हणाल्या, "एक होता बगळा."

मी टेबलावरून बघत होते. मीटरवरचे हिरवे दिवे नाचत होते. ते घरघरीवर नाचत होते. पण दिव्यांना काय, त्यांना फरक कळत नाही. दादा अधूनमधून मान वर करून दिवे पाहत होते आणि पुन्हा आईंकडे वळत होते. बगळ्याने पाय बदलायची वेळ आली तेव्हा आई थांबल्या. दादा हसले. मग त्यांनी डोळे पुसले. गोष्ट संपल्यावर आई म्हणाल्या, "आलं का सगळं?"

"आलं."

"परत सांगू?"

"नको गं, थकशील."

त्या गडबडीत फ्रीज पुन्हा चालू करायचं राहिलं आणि संध्याकाळी दूध नासलं. घरात बिघडल्याची चर्चा झाली ती दुधाची.

आई हॉस्पिटलमध्ये असताना एका संध्याकाळी पोर झोपेना, म्हणून दादांनी ते रेकॉर्डिंग लावलं. आधी "तू जेवला नाहीस अजून" असं स्पष्ट ऐकू आलं. पोर उठून बसली. मग खरर्र झालं आणि पिठाची गिरणी सुरू व्हावी तशी घरघर. तिच्या खाली, फार खाली, कोणीतरी बोलत होतं. दादांनी सगळी बटणं फिरवली. जांभळीच्या जाळीची आत्या दारातून गेलेली, घरात बाजार भरलेला. बगळ्याच्या पायाशी आई थांबल्या तिथे घरघर तेवढी थांबली नाही.

वहिनी स्टुडिओतून जांभळी घेऊन आल्या आणि त्यांनी तिची टोपी बोटाने हलवली. खरर्र.

"हिला तर तुम्ही गाठ मारली होती ना?"

"मारली होती."

"मग..." वहिनी म्हणाल्या. दोघांनी आईंच्या रिकाम्या खाटेकडे पाहिलं. मेहुणे म्हणाले, "कंपनीला लिहू आपण."

त्या दिवशी दादांनी स्वतः गोष्ट सांगितली. त्यांनी बगळ्याला दोन बूट दिले.

"एकच," पोर म्हणाली.

"बरं, एकच. मग त्याने पाय बदलला आणि..."

"थांब ना तिथे."

"थांबलो."

"असं नाही. आजीसारखं थांब."

दादांना ते आलं नाही. अजून येत नाही.

आई घरी आल्या. गळ्याला पट्टी, हातात पाटी. पहिल्याच दिवशी त्यांनी पाटीवर लिहिलं, "गोष्ट ऐकवा." दादा म्हणाले, "मिक्सिंग चालू आहे, आई." आईंनी मान हलवली. त्यांना त्या शब्दाबद्दल आदर होता. शेजारच्या बाई भेटायला आल्या तेव्हा त्यांनाही आईंनी अभिमानाने पाटी दाखवली, "मिक्सिंग चालू आहे." त्याला आता बराच काळ झाला. ते अजून चालूच आहे. आईंना कोण सांगणार?

त्या प्रसंगानंतर गाठीची रीत बंद झाली. बिघडलेल्या वायरीला लाल पट्टी चिकटवायची आणि ती लगेच माळ्यावर टाकायची, असं ठरलं. रविवारी आईंनी सवयीने पेटी ओढली. एकेक वायर काढून बघितली. एकीलाही गाठ नव्हती. त्यांनी सगळ्या पुन्हा बघितल्या. मग मला मांडीवर घेऊन नुसत्या बसून राहिल्या. पाटीवर लिहिलं, "आता काम नाही?"

पुढच्या शनिवारी दादांनी खोलीचं दार लोटून घेतलं आणि चांगल्या वायरींना गाठी मारल्या. मलाही मारली. वहिनी मागे उभ्या होत्या.

"अहो, अशाने वायरी मरतील."

"मरू देत."

वहिनी खाली बसल्या. "एवढी घट्ट नका मारू," त्या म्हणाल्या, "नखं दुखतात त्यांची." आणि त्याही गाठी मारू लागल्या.

तेव्हापासून दर शनिवारी मला गाठ बसते आणि दर रविवारी सुटते. मित्रांनो, वायरीला याहून वाईट व्यायाम नाही. तेव्हा आता बोध घ्या. वायर घ्याल तर रंग बघू नका, वाकवून बघा. टोपी उघडते का बघा, आत चिमटा आहे का बघा. लागेल तेवढ्याच लांबीची घ्या. काढताना वायर ओढू नका, टोक धरून काढा. हाताच्या कोपराला गुंडाळू नका. रोजच्या कामाला जी इमानाने चालते तीच खास प्रसंगालाही लावा. रेकॉर्ड करताना हेडफोन कानावर ठेवा, समोर कोणीही बसलेलं असो. आणि कोणाला काही सांगायचं असेल तर त्यांना उलट विचारता येतंय तोवर सांगून टाका. हे सगळं तुम्ही ऐकाल असं मला वाटत नाही. माझ्यातून आजवर बरेच उपदेश गेले आहेत आणि समोरच्या खुर्च्या मी पाहिल्या आहेत.

परवा गाठीच्या जागी माझी आतली एक तार तुटली. दादांनी तपासलं, मान हलवली आणि मला लाल पट्टी लावली. माळ्यावर टाकायचं तेवढं राहिलं, कारण शिडी मेहुण्यांनी नेली होती. रविवारी आईंनी ती पट्टी नखाने सोलून काढली, खाली राहिलेला चिकटा ओल्या फडक्याने पुसला आणि मला चांगल्या वायरींत ठेवलं. उद्या एका लग्नात नवरीचे वडील बोलणार आहेत. त्यांच्यासाठी मेहुण्यांनी मला काढून ठेवलं आहे.